त्या घरात तुला सू म्हणत

प्रिय अक्का,

तुझ्या निखिलला आज सकाळी विमानतळाच्या बसमध्ये बसवून आले. घरी येऊन दोघांचा चहा टाकला, मग लक्षात आलं की आता मी एकटीच आहे. तुझ्या अस्थी नदीत सोडून चार-पाच दिवस झाले. तुझ्या फोनची वेळ टळून जाते आणि मी तशीच बसून राहते. म्हणून लिहायला घेतलं. थोडं भांडायचंही आहे तुझ्याशी.

मी तुझ्याकडे, तिकडे साहेबाच्या देशात आले होते तो उन्हाळा आठवतो? रोज एकेक जुनी वास्तू दाखवायला न्यायचीस. तुमचं गाव केवढंसं, पण चहूबाजूंनी नुसती जुनी घरं. पडका मठ, विणकराचं दगडी घर, आणि हरणांच्या रानातली ती मोठी हवेली. मी म्हटलं, आपल्या म्हैसूरच्या राजवाड्यापुढे हे काय गं? तू हसलीस. म्हणालीस, लहानपणी नजरबादला, इतक्या जवळ राहून आपण राजवाडा आतून कितीदा पाहिला? पाहुणे आले की तेवढ्यापुरता!

त्या हवेलीत तू आठवड्यातून दोनदा बसायचीस, बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायला, बिनपगारी. भावजी गेल्यावर घर खायला उठतं म्हणून सुरू केलंस. मुलांच्या खोलीत एका खुर्चीवर, छातीवर नावाची पट्टी. पट्टीवर ‘सू’. मी विचारलं तर म्हणालीस, सुलोचना त्यांच्या जिभेवर बसत नाही, आणि मीही आता थकले सांगून.

त्याच खोलीत तो फोटो होता. बागेत बसलेलं साहेबाचं कुटुंब, आणि मागे पांढऱ्या लुगड्यातली एक बाई, कडेवर त्यांचं बाळ. खाली सगळ्यांची नावं, अगदी कुत्र्याचंसुद्धा. तिच्या खाली नुसतं ‘आया’. हिंदुस्थानातून परतताना त्यांनी तिला बोटीतून बरोबर आणलं होतं. लोक खोलीतला लाकडी घोडा बघून पुढे जायचे. तू त्यांना थांबवायचीस आणि म्हणायचीस, हिलाही बघा.

मला तू वर तिची खोली दाखवायला नेलंस. नोकरांचा अरुंद जिना, आणि तू मध्येच पायरीवर बसलीस. गुडघा दुखतो म्हणालीस. मी पाय चेपायला लागले तर, “सुम्मने, उगाच काही करू नकोस, लोक बघतील,” म्हणून हात झटकलास.

वर एक खाट आणि एक खिडकी, एवढंच. तिथं उभी राहून तू म्हणालीस, “हिला परत घरी धाडलं की नाही, कुणालाच ठाऊक नाही बघ, विजू.”

मी विचारलं, तुला यायचंय का परत?

“यायचंय गं. पण तिथं तरी आता कोण ओळखतं मला?”

मी ओळखते, म्हणाले. खाली उतरताना म्हणालीस, येईन डिसेंबरात. मी इथली पुढची खोली रंगवून घेतली. आपल्या अप्पांचा लाकडी पलंग तिथं टाकला. डिसेंबर आला, तू नाही आलीस. कामं आहेत म्हणालीस. पुढच्या डिसेंबरातही तेच.

मधल्या काळात हवेलीचा कारभार बघणाऱ्या बाईंनी तुला गोड बोलून सांगितलं की कागदावर आहे तेवढंच लोकांना सांगायचं. तू ऐकलं नाहीस, तेव्हा तुला बाहेर तिकिटांच्या टेबलावर बसवलं. ते तू मला फोनवर हसत हसत सांगितलंस. मीही हसले. त्या थंडीत तू उघड्यावर बसत होतीस, अंगात दुखणं घेऊन. आणि मला गुडघा सांगत होतीस! निखिल म्हणाला, त्या जिन्यावर बसलीस तेव्हाच तुला आजाराचं सगळं माहीत होतं. का गं लपवलंस, अक्का? मी आले असते ना तुझ्यापाशी राहायला.

व्हिसा वेळेत मिळाला नाही. तुझा शेवटचा निरोप मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर पाहिला. छान फुलं होती, हवेलीतले लोक आले होते, सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. पण जो तो सू, सू म्हणत होता. मला वाटत होतं, ही दुसऱ्याच कुणाची तरी पेटी आहे.

मग निखिल तुला घेऊन आला. श्रीरंगपट्टणाला पश्चिमवाहिनीच्या घाटावर भटजींनी कन्नडमधून विचारलं, तायी हेसरु? मी निखिलला सांगितलं, आईचं नाव विचारतात. तो म्हणाला, सू. भटजी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सुलोचना. मग त्यांनी मंत्रात ते नाव मोठ्यानं घेतलं, पुन्हा घेतलं, आणि निखिल रडायला लागला. नंतर आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, “मावशी, हे नाव मी पासपोर्टवर वाचलंय. कुणी म्हणताना ऐकलं नाही कधी.” खरंच आहे. भावजी तर जन्मभर ‘अगं’च म्हणायचे.

शेवटी भटजी म्हणाले, ज्यांचं नाव-गोत्र ठाऊक नाही, ज्यांना कुणी नाही, त्यांच्यासाठीही पाणी सोडा. मी अर्थ सांगितला. निखिलनं विचारलं, हवेलीत आई दाखवायची त्या फोटोतल्या बाईला चालेल? भटजींना काय सांगणार? मी नुसतं हो म्हटलं. त्यानं पुन्हा ओंजळीत तीळ घेतले.

तुझं तिथलं घर तो विकणार आहे. विक, म्हटलं. त्याला पुढच्या खोलीत झोपायला सांगितलं होतं, पण तो हॉलमध्येच झोपला. ती खोली आईची आहे, म्हणाला. तुझ्या नावानं आणलेली चादर अजून तशीच आहे, घडीही मोडलेली नाही.

इथं जो तो मला विचारतो, सुलोचना तिकडे सुखात होती ना? मोठं घर, बाग, मुलगा शिकलेला, असं मी आजवर सांगत आले. लोकांना तेच ऐकायचं असतं आणि मलाही तेच बरं वाटायचं. आता तसं नाही सांगणार, अक्का. तिला घरी यायचं होतं आणि येणं झालं नाही, असंच सांगेन. ऐकणारा गप्प झाला तर होऊ दे. हे वचन देते तुला.

तुझी,
विजू
बोगादी, म्हैसूर