बासष्ट ठिपक्यांचे दार

जालना,
२१ ऑक्टोबर २००५

चि. साहेबरावास दुर्गाताईचे आशीर्वाद.

बुधवार, १२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. (टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे काढलेल्या बाईला दुसरे काही येवो न येवो, वेळ टिपून ठेवता येते.) या वेळेला तुझ्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या भट्टीत माझे दार गेले. पण रीत सोडणाऱ्यांपैकी मी नाही, म्हणून आधी विचारते: नंदाचे गुडघे कसे आहेत? तुझी साखर किती आली? दसऱ्याचे पेढे खाऊन नंतर तपासली असशील, तर आकडा कळवू नकोस. मी बरी आहे. म्हणजे जेवते आणि झोपते.

आता दाराविषयी. ते कोणाचे होते हे तू एकदाही विचारले नाहीस आणि मीही सांगितले नाही, म्हणून हे लांबण. आबांनी मला हसनाबादहून इथल्या कॉन्व्हेंटात आणून घातले, तेव्हा आठवीत सिस्टरांनी प्रत्येकीला एक परदेशी पत्रमैत्रीण वाटून दिली. चांगल्या मुलींना इंग्लंड-आयर्लंड मिळाले. मी उशिरा पोचले, म्हणून मला हॉलंड उरले. तिचे नाव हेन्नी. सत्तेचाळीस वर्षे आम्ही एकमेकींना लिहितो आणि अजून एकमेकींना पाहिलेले नाही. एकदा तिने बोलावले होते. मी रजेचा अर्ज लिहिला, तो खणात ठेवला, आणि खण बंद केला.

हेन्नीचा नवरा कोर १९८१ साली एका नव्याकोऱ्या डच फ्रिगेटवर आचारी म्हणून रुजू झाला. फ्रिगेट म्हणजे मधल्या चणीची लढाऊ बोट. हिचे नाव ‘झेमेऊ’, समुद्रपक्षी. कोरला पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून हेन्नीने लिहायचे आणि मी वहीत उतरवायचे, असे बावीस वर्षे चालले. पहिल्याच हिवाळ्यात बोट नॉर्वेकडे गेली आणि तिच्या तोफेवर बर्फाचा थर बसला. चौऱ्याऐंशी साली ती स्वतःच्याच बंदराच्या धक्क्याला धडकली (कप्तानाची चौकशी झाली, धक्क्याची झाली नाही). पुढे आखातात तेलाच्या जहाजांची राखण केली. युगोस्लाव्हियाच्या भांडणात दोन वर्षे दुसऱ्यांची जहाजे अडवून कागद तपासले. वेस्ट इंडीजकडे चोरट्या मालाच्या होडीचा रात्रंदिवस पाठलाग करून ती पकडली, तर आत मासे निघाले. कोरने ते तळले. बावीस वर्षांत त्या बोटीने रागाने एक गोळा झाडला नाही. आपल्या घराण्यात असे बावीस मिनिटे राहिलेले माणूस मला ठाऊक नाही, आणि त्यात मी स्वतःला धरले आहे.

प्रत्येक नव्या बंदराला कोर स्वयंपाकघराच्या पोलादी दारावर छिन्नीने एक ठिपका ठोकायचा. शेवटी बासष्ट झाले. गेल्या वर्षी कोर वारला. मागोमाग बोट भंगारात विकली गेली आणि गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला आली. हेन्नीने हे नुसते कळवले होते, मागितले काही नव्हते. फुशारकी माझीच. माझा भाऊ असले भंगार ट्रकांनी घेतो, मी दार शोधते, असे मी लिहून बसले.

तुझा भट्टीवरचा मिस्त्री चांदपाशा याने चार महिने एकेक ट्रक पाहिला आणि सहा सप्टेंबरला निरोप धाडला, “बाई, तुमचं दार घावलं. जल्दी या.” मी गेले. बोटाने ठिपके मोजले. वहीशी बराबर बासष्ट. तिथेच सगळ्यांना बजावून सांगितले की हे भंगार नाही, याचा मान ठेवा. घरी येऊन हेन्नीला लिहिले, दार सुखरूप आहे, ठिपक्यांपुरता पत्रा कापून पाठवते. तिला महिनाअखेर घर सोडून वृद्धाश्रमात जायचे आहे. तिथे एका माणसाला एकच पेटी नेता येते. तिने उत्तर पाठवले की पेटीत जागा ठेवली आहे.

तुझ्या माणसांनी मान ठेवला, याबद्दल तक्रार नाही. खंडेनवमीला दाराला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आणि तुमच्याकडची रीत अशी की पूजेत ज्याला पहिला हार, तेच दसऱ्याच्या मुहूर्ताला पहिले भट्टीत, नाहीतर भट्टी वर्षभर रुसते. माझ्या दाराला हा मान हारासकट मिळाला.

त्या पहिल्या भट्टीच्या सळया लेकीच्या घरी धाडायच्या, हीही रीतच. टेम्पो माझ्या फाटकाशी आला. मी आभार मानायचे सोडून दोन सळया वाकड्या आहेत म्हणून ड्रायव्हरशी भांडले आणि त्या परत पाठवल्या. बाकीच्या पोर्चच्या स्लॅबमध्ये गेल्या. सतरा तारखेला मी गोणपाट, सुतळी आणि हॉलंडचा पत्ता घेऊन दाराचा तो पत्रा कापून न्यायला आले, तर चांदपाशा माझ्याकडे बघतच राहिला. “बाई, दार तर तुमच्याच घरी आलं न्हाई का? मालकानं लेकीचा मान म्हणून धाडलं. मला वाटलं, तुम्हाला मालूम है.” मग त्याने डोक्याचा रुमाल काढला आणि आम्ही दोघे उगाच त्या थंड सळयांच्या ढिगाकडे पाहत उभे राहिलो.

चार दिवस झाले, मी पोर्चखाली बसत नाही. मागच्या दाराने ये-जा करते.

तुझी,
दुर्गाताई

ता. क. त्या परत पाठवलेल्या दोन वाकड्या सळया कुठे आहेत? पुन्हा भट्टीत टाकू नका. एकीचा हातभर तुकडा हवा. चांदपाशा म्हणतो, “लोखंड तेच है बाई, ठिपके मी ठोकतो.” बासष्ट ठोकावेत, मी वही घेऊन शेजारी बसेन. वाटल्यास त्रेसष्टावा जालन्याचा. इथे समुद्र नाही, पण ती बोट शेवटी इथेच आली. सोबत कारखान्याच्या कागदावर तुझ्या सहीने घडले तसे लिहून दे. मी इंग्रजी करून हेन्नीला पाठवीन. त्यात दसऱ्याच्या सकाळच्या तुझ्या फोनचा उल्लेख करू नये.

दुसरा ता. क. करावा. साडेनऊला तू फोन करून म्हणालास, “ताई, दाराचं विचारायचं होतं, पोरं म्हणून राह्यली...” आणि मी गवंड्यावर ओरडत होते, म्हणून “तुला बराबर वाटेल ते कर” म्हणून फोन ठेवला. एकतीस वर्षांत कोणाचाही कॉल मी तीन मिनिटांच्या आत तोडला नाही. तुझा चाळीस सेकंदांत तोडला. हे पहिल्या ओळीत लिही.

उत्तर लेखी हवे, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत. फोन करू नकोस. फोनवरच्या दुर्गावर माझा आता भरवसा नाही.