दाराशी भरलेली बादली

शुक्रवार, मार्च १९९०. संध्याकाळ.

चित्रं काढायची खोली उभी राहिली, पण बघायला कुणी आलं नाही. वाळूजच्या कारखान्यात माझ्यासोबत शिफ्ट करणारे हसतात, सिमेंट सोडून माती लिंपत बसलाय म्हणे. भिंतीत चिमण्यांसाठी खोबण्या ठेवल्या, कुंपणाच्या बोरी-बाभळी तोडल्या नाहीत. परवा मुंगूससुद्धा येऊन गेलं. माय मात्र उंबरा ओलांडत नाही.

रोज संध्याकाळी तेवढी पाण्यानं भरलेली बादली दाराशी ठेवून जाते. मला वाटायचं, पाखरांसाठी. बरं वाटायचं. आज म्हटलं, "माय, पाखरं त्या मातीच्या परळात पाणी पितात. बादली कशाला?"

ती छपराकडं बघत होती. "गवताचं हाय ना. राहू दे."

नामांतराच्या दंगलीत गावातलं आमचं घर जाळलं, तेव्हा मी इथं कॉलेजात होतो. छप्पर पेटलेलं तिनं एकटीनंच पाहिलं. त्यावर ती कधी बोलली नाही. मी तरी कुठं विचारलं?

मघाशी ब्रश धुवायला पाणी हवं होतं. बादली समोरच होती, काठोकाठ.

मी नळावर गेलो.