मधाच्या बरणीची पोच

गुरुग्राम, जूनचा भर उन्हाळा

ती. अश्लेषाताईंस,

वृंदाचा नमस्कार. तुमचे गुडघे, यतीनरावांचा रक्तदाब आणि तुमचं निसर्गोपचार मंडळ यांची खुशाली विचारते. (मंडळाची प्रकृती नेहमी उत्तमच असते, पण रीत म्हणून विचारलं.)

तुम्ही पुण्याहून पाठवलेली मधाची बरणी मागेच पोचली. वाटेत फुटली असती तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही माझ्या मोठ्या नणंद आहात.

तुमच्या भावाच्या, म्हणजे उल्हासच्या, कमरेवरचा आणि मांडीवरचा नायटा तुम्ही फोटोत पाहिलाच आहे. (ते फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नको, असं मी त्याला सांगत होते. आमच्या लेकीने, पूर्वीने, त्याच दिवशी ग्रुप सोडला.) मानेसरच्या कारखान्यात दिवसभर घामाने भिजलेली पँट आणि त्यावर आवळलेला पट्टा, आणखी काय होणार? आधी कोपऱ्यावरच्या केमिस्टने "सर, ये लगाओ, बिल्कुल साफ" म्हणत एक ट्यूब दिली. नायटा थोडे दिवस गेला आणि सगळं गोत घेऊन परत आला. मी डॉक्टरांकडे चल म्हणते आहे, तेवढ्यात तुमचा व्हिडिओ आला: जुनाट बुरशीवर मध. त्यात तुम्ही इतक्या गोड आवाजात बोलता की माझं पंचवीस मिनिटांचं ओरडणं उल्हासला ऐकूच आलं नाही.

मग मधाचा थर, त्यावर मलमलचं फडकं आणि त्यावर पायजमा, असा थाट सुरू झाला. पण ताई, इकडच्या उन्हाळ्यात मध जागेवर थांबत नाही. तो पोटरीपर्यंत उतरतो. उल्हास सोफ्यावरून उठला की कव्हरही त्याच्याबरोबर उठायचं. इतक्या उंच मजल्यावर मुंग्या येत नाहीत असा माझा समज होता. येतात. लिफ्टने येत असाव्यात.

लिफ्टचंच सांगायचं आहे. रविवारी सकाळी उल्हास दूध आणायला निघाला. लिफ्टमध्ये शेजारच्या खुराना आंटी आणि त्यांचा लॅब्रॅडोर शेरू. मध्येच वीज गेली आणि लिफ्ट अडकली. अंधारात शेरूला वास लागला. आंटी म्हणाल्या, "डरो मत भाईसाहब, प्यार कर रहा है." उल्हास ओरडला, "आंटीजी, ये प्यार नहीं है, शहद है!"

दार उघडलं तेव्हा बाहेर गार्ड आणि बागेतून परतलेला अख्खा योगा ग्रुप उभा होता. उल्हास कोपऱ्यात, एक हात नाडीवर, दुसरा शेरूच्या कपाळावर. आणि पायजम्याचा एक पाय पूर्णपणे शेरूच्या मालकीचा. संध्याकाळी सोसायटीची सूचना आली की रहिवाशांनी पाळीव प्राण्यांना मोह पडेल असे पदार्थ अंगाला लावून सामायिक जागेत वावरू नये. नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती.

त्या शरमेने तो स्किनच्या डॉक्टरांकडे आला. बाईंनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, मध टोस्टवर लावा, आणि ती ट्यूब फेकून द्या, त्यात स्टेरॉइड आहे, त्यानेच हे एवढं पसरलं. त्यांनी गोळ्या आणि मलम दिलं, टॉवेल-कपडे वेगळे धुवायला सांगितले आणि दोनदा बजावलं की डाग दिसेनासे झाले तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

डाग फिके पडले, आणि आपल्या उल्हासने काय ठरवलं असेल? की हा मधाचा गुण! "मध खोलवर काम करतो गं, त्याला वेळ लागतो." गोळ्या बंद. आता बागेत फिरायला येणाऱ्या चार रिटायर्ड लोकांना तो मधाची दीक्षा देतो. त्यातले एक काका हल्ली लिफ्टऐवजी जिन्याने जातात.

इथवर मीही हसत होते. पण परवापासून नायटा पुन्हा उठला आहे, आधीपेक्षा लाल. त्याला नीट बसवत नाही. जेवताना एका हाताने खाजवतो आणि दुसऱ्या हाताने मला तुमचा व्हिडिओ दाखवतो. माझ्याही मनगटावर बांगडीखाली एक गोल उठला. मी मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले, गोळ्या घेते आहे. त्यालाही म्हटलं, पाया पडते, घे. तर म्हणाला, "आधी ताईला विचार."

म्हणून विचारते आहे.

तुमची, आणि आता त्या डॉक्टरबाईंचीही,
वृंदा

ता. क. काल तुम्हाला फोन केला तो यतीनरावांनी उचलला. सरळ माणूस. म्हणाले, "ती स्किनवाल्याकडे गेलीय. मानेवरचा नायटा गोळ्यांनी गेला ना, तेच एकदा दाखवायला." ताई, व्हिडिओत तुमची मान फार स्वच्छ दिसते. मी उल्हासला काही बोललेले नाही. मी सांगितलं तर तो माझ्यावर चिडेल. तुम्ही सांगितलं तर आजच गोळी घेईल. आज फोन करा.

ता. क. दुसरा. खरं सांगणं अगदीच जड जात असेल, तर एवढंच म्हणा की त्या गोळ्या हिमालयातल्या कुठल्याशा मुळीपासून करतात. मी पाकिटावरचं नाव खरवडून ठेवलं आहे.