दोन रबरांचं काम

८ जानेवारी १९८४, रविवार. सकाळी ११.

माणसांचा वीट आला आहे. त्यातल्या त्यात मेकॅनिकांचा.

मारुती मंदिराच्या चढावर फियाट थरथरायला लागली. गिअरचा दांडा हातात असा नाचला की शेजारी बसलेल्या सौ.नं डोळेच मिटून घेतले. तशीच महिपतच्या गॅरेजात नेली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाला हातानं ढोसलं, इंजिन डुललं. म्हणाला, फाउंडेशनचे दोन्ही रबर गेलेत, इंजिन खाली बसलंय, एक दिवस पंखा रेडिएटर खाईल. मंगळवारी सकाळी टाका, संध्याकाळी न्या. मी सहज विचारलं, हे काम घरी होतं का? तर हात पुसत म्हणाला, होतं ना, न व्हायला काय झालं, पण तुमच्याच्यानं नाय व्हायचं साहेब, तुम्ही आपले कागद सांभाळा.

सतरा वर्षं मी पी.डब्ल्यू.डी.चा स्टोअरकीपर आहे. रोडरोलरचे चारशे अकरा पार्ट मला नंबरासकट पाठ आहेत. महिपतला त्याच्या हातातल्या पान्याचा नंबर विचारा, पाना डोळ्यांजवळ नेऊन बघेल.

निश्चय: काम घरी करणार. स्वतः. एका रविवारात.

त्याच दिवशी, दुपारी ४.

सौ.ला निश्चय सांगितला. तिनं एवढंच विचारलं, माघी चतुर्थीला गाडी मिळेल ना? चतुर्थी ५ फेब्रुवारीला. म्हणजे चार आठवडे. मला हसूच आलं.

नवस माझ्याच नावाचा आहे. दोन वर्षांपूर्वी काविळीनं मी हळदीसारखा पिवळा होऊन पडलो होतो, तेव्हा ती आंजर्ल्याच्या गणपतीला बोलली की हे उठले तर माघीला दोघं जोडीनं येऊन पायांवर डोकं ठेवू. गेल्या वर्षी राहिलं, कारण मी कार्बोरेटर उघडला होता. एस.टी.नं खेडला बदला, दापोलीला बदला, हे तिच्या गुडघ्यांना सोसत नाही. म्हणून शब्द दिला आहे की दारातून बसायचं ते थेट हर्णैला उतरायचं. पुढे खाडीपुरती होडी. होडीची जबाबदारी माझी नाही.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.

मुंबईहून रबर आले. हातात घेतले की काम झाल्यासारखंच वाटतं.

शेजारचा भिकाजी तिळगूळ घेऊन आला आणि पार्सल बघून बसलाच. हा बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये तेल घालत होता. त्यामुळे जगातली सगळी इंजिनं आपल्या ओळखीची आहेत असं त्याला वाटतं. न विचारता दोन गोष्टी सांगितल्या. एक, जॅक नुसता जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवू नको. दोन, नवीन रबर लावल्यावर सगळे नट सैल ठेव, इंजिन आपल्या जागी बसू दे, मग आवळ. मी तिळगूळ खाल्ला. समुद्रात जॅक लावतात कुठे, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

ऑफिसात कामाचा अकरा कलमी आराखडा केला. तीन प्रतींत.

१५ जानेवारी, रविवार. सकाळी १०.

साडेसातला गाडीखाली शिरलो. अडीच तासांत एकही नट हललेला नाही. या गावची खारी हवा लोखंडाला जगू देत नाही. रॉकेल ओतलं. रॉकेल नटावर थांबलं नाही, माझ्या बाहीत शिरलं आणि काखेपर्यंत गेलं.

भिकाजीच्या बायकोनं, यमुनाबाईनं, गडग्यापलीकडे, म्हणजे आमच्या मधल्या दगडी कुंपणापलीकडे, सुकट वाळत घातली आहे. वारा तिकडूनच. शिवाय तिची खुडूक कोंबडी डाव्या मागच्या चाकापाशी बसली आहे आणि मी पाय हलवला की घशातून आवाज काढते. वीस वर्षांचं ग्रीस, त्यात केस, त्यात पिसं. शिसारी आली.

दुपारी १२.४०.

पहिला नट निघाला. महिपतला कळायला हवं होतं.

संध्याकाळी ६.

आज एकूण चौतीस नट-बोल्ट काढले. आराखड्यात आठच होते, पण हात घालायला जागा व्हावी म्हणून पंखा सैल केला, डायनॅमो आणि सायलेन्सरचा पाइपही सोडवला. गॅरेजवाले जिथला नट तिथेच अर्धवट अडकवून ठेवतात. गचाळ पद्धत. मी स्टोअरच्या शिस्तीनं साइजवार लावले: पाव इंची, पाच सोळांश, तीन अष्टमांश. सौ.च्या लोणच्याच्या तीन बरण्या घेतल्या, प्रत्येकीवर लेबल आणि आत बिनकार्ड, म्हणजे साइज आणि नग लिहिलेलं स्टोअरचं कार्ड. इतकं देखणं काम रत्नागिरीत कुठल्या गॅरेजात झालं असेल असं वाटत नाही. सौ. म्हणाली, बरण्या धुऊन ठेवल्या होत्या हो मी.

एका रविवारात, असं वर लिहिलं आहे. एका रविवारात काम समजून घ्यायचं असतं, असा त्याचा अर्थ.

२२ जानेवारी, रविवार. सकाळी ९.

आज इंजिन उचलायचं. जॅक बुटका पडतो, म्हणून गडग्यातला एक चांगला चिरा काढून त्याखाली ठेवला. आमचं अख्खं घर साठ वर्षं चिऱ्यावर उभं आहे. भिकाजी गडग्यावर हात टेकून म्हणाला, भाऊ, चिरा भार सोसतो, पण टोचलेलं नाय सोसत, खाली-वर फळी घाल. फळीही घेऊन आला होता. मी तत्त्व म्हणून घेतली नाही. आज फळी घेतली तर उद्या हा माणूस आराखड्यात कलमं घालेल.

सकाळी ११.

इंजिन दीड इंच वर आलं. उजवा जुना रबर निघाला. रबर कसला, कुजलेल्या फणसाचा गर. बोटांना चिकटला, तो साबणानंही जात नाही.

सकाळी ११.१०.

चिरा फुटला. मधोमध. जॅक आत रुतला, इंजिन पुढे येऊन खाली बसलं आणि पंख्याचं पातं रेडिएटरमध्ये घुसलं. गंजकं पाणी माझ्या कपाळावरून कानात. रेडिएटर बाहेर काढायचं कलम आराखड्यात नव्हतं, म्हणून तो जागेवरच होता. महिपत अशुभच बोलला होता. पंखा सैल ठेवला असतानाही नेमका घुसतो, याला काय म्हणायचं?

सौ. धावत आली. लागलं का विचारलं. नाही म्हटलं. मग तिनं चतुर्थीचं विचारलं. म्हटलं, रेडिएटर कधीतरी काढायचाच होता, बरं झालं.

२६ जानेवारी, गुरुवार. झेंडावंदन करून आलो.

रेडिएटरला बाजारात भांड्यांना डाग देणाऱ्याकडून डाग देऊन आणला. महिपतकडे नेला असता तर त्यानं विचारलं असतं.

भिकाजीची फळी गडग्यावर तशीच पडून होती. दवात कुजून गेली असती, म्हणून वापरली. जॅकखाली एक, इंजिनाखाली एक. इंजिन शांतपणे वर आलं. याचं श्रेय जॅकला.

उजवा नवीन रबर लावला आणि तिथल्या तिथे करकचून आवळला. अर्धवट काम मला पाहवत नाही. डावीकडे गेलो, तर भोकं बोटभर सरकलेली. तीन तास पहार घालून इंजिन ढकललं. शेवटी बोल्ट ठोकून बसवला. भिकाजी अंगणात जाळं विणत होता. नुसता खोकला. त्याला खोकला झालेला नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

२९ जानेवारी, रविवार.

जोडणी. सकाळी बरण्या उघडल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. पाच सोळांशची बरणी उघडली की पाच सोळांशचे अकरा बोल्ट मिळतात. त्यातला डायनॅमोचा कोणता आणि सायलेन्सरचा कोणता, हे बिनकार्डावर नाही. लांबीत फरक आहे, आट्यांतही फरक आहे. स्टोअरमध्ये ही अडचण येत नाही, कारण स्टोअरमधून नेलेली वस्तू पुढे कुठे बसते याच्याशी आमचा संबंध नसतो.

दिवसभर एकेक बोल्ट एकेका भोकात घालून पाहिला. सौ. बरणी धरून गाडीपाशी उभी होती, मग गुडघे दुखायला लागले म्हणून पाट घेऊन बसली. चिवड्यातले शेंगदाणे वेचावेत तसे तिनं लांब आणि आखूड बोल्ट वेगळे करून दिले. स्वभावानं मदत करणारी आहे, पण तिला पद्धत नाही.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. हे ठळक लिहून ठेवतो: सुरू झाली. सात बोल्ट उरले, म्हणजे कंपनीनं मुळातच सढळ हातानं दिलेले होते. थरथर मात्र आहे. आधी गिअरचा दांडा हलायचा, आता दारं, आरसा आणि माझे दात. भिकाजी गडग्यापलीकडून म्हणाला, रबर पिळून बसलेत, सगळं सैल कर, इंजिन बसू दे. ते मलाही कळतं. पण आत्ता सैल केलं तर त्याच्या सांगण्यावरून केल्यासारखं दिसेल. दोन दिवस जाऊ द्यावेत.

३ फेब्रुवारी, शुक्रवार.

दोन दिवसांचे पाच झाले. आज रजा टाकून सगळं सैल करायला घेतलं. ठोकून बसवलेला डावा बोल्ट फिरेना. जोर लावला, तर मुंडकं तुटून हातात आलं.

दुपारी महिपत दारात. सौ.नं मला न विचारता निरोप धाडला होता. तो खाली वाकला, टॉर्च मारली, बराच वेळ बघत राहिला. हसला नाही. हसला असता तर मी चार शब्द सुनावले असते. म्हणाला, साहेब, तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायला लागेल, गाडी ढकलत आणावी लागेल, चार दिवस धरा. सौ.नं विचारलं, रविवारपर्यंत नाही का होणार? तो म्हणाला, नाय वहिनी, खोटं कशाला सांगू.

मी त्याला परत पाठवला. चार दिवस म्हणे. हातड्रिल माझ्याकडे आहे.

४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.

सौ. पावणेसातला निघाली. यमुनाबाई सोबतीला. रात्री खेडला मालनकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, उद्या पहाटे पुढे. तिनं माझेही कपडे पिशवीत भरले होते. दारात उभी राहून म्हणाली, अहो, चला ना एस.टी.नं, तिघं जाऊ, नवस जोडीचा आहे. माझा एक हात गाडीखाली होता. म्हटलं, थोडंच उरलंय, संध्याकाळी गाडी घेऊन खेडला पोचतो, तुला सकाळी मालनच्या दारातून उचलतो. तिनं पिशवीतून माझं धोतर आणि उपरणं काढून कॉटवर ठेवलं. उपरणं पुन्हा उचलून पिशवीत टाकलं. बरं म्हणाली आणि गेली.

जाता आलं असतं. रजाही होती. पण खेडची एस.टी. महिपतच्या गॅरेजावरून जाते. खिडकीत बसलेला मी त्याला दिसलो असतो.

संध्याकाळी ५.

ड्रिलचं पातं बोल्टमध्ये तुटलं.

५ फेब्रुवारी, रविवार. चतुर्थी. दुपारी १२.

आता आंजर्ल्याला गणपतीचा जन्म होत असेल. मी गाडीखाली पडल्यापडल्या हात जोडले. नाकावर काहीतरी ठिबकलं. आज मला माझीच किळस आली, हे लिहून ठेवतो. उद्या खोडेन.

७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४.

सौ. आली. ऊन लागून काळवंडली आहे, पण तोंडावर मी कितीतरी दिवसांत न पाहिलेली टवटवी. खेडपासून खिडकी मिळाली म्हणे, होडीत वारा छान होता, देवळाच्या पाखाडीच्या पायऱ्या चढताना दोनदाच बसली. गुडघ्यांचं विचारलं. म्हणाली, दुखले, पण लक्ष नव्हतं.

मग नवसाचं विचारलं. वर गुरुजी म्हणाले, बाई, जोडीचा नवस ना, यजमान कुठे? हिनं सांगितलं, घरी आहेत, गाडीचं काम काढलंय. गुरुजी म्हणाले, हरकत नाही. शेजारी दुसरा पाट मांडला, त्यावर माझं उपरणं घडी करून ठेवलं आणि त्यावर एक सुपारी. हेच यजमान समजा, म्हणाले. बायको नसलेल्या पुरुषानं पूजेला कमरेला सुपारी लावायची, हे मी ऐकून होतो. नवरा धडधाकट असताना सुपारी, हे पहिल्यांदाच ऐकलं. संकल्पात माझं नाव घेतलं, गोत्र सांगितलं, सुपारीला गंध लावलं. सौ. म्हणाली, आरती होईपर्यंत ठेवली तिथे होती, मला एकदाही उठावं लागलं नाही.

मी विचारलं, पण असा नवस चालतो का? म्हणाली, चालतो. फिटला.

सुपारी कुठे आहे ते विचारलं. येताना मालनकडे जेवणं झाली, विडे केले, त्यात कातरली. प्रसादाचीच होती. चांगली निघाली म्हणे, मऊ.

मी तिला सांगितलं की पुढच्या रविवारपर्यंत गाडी नक्की होते, मग आपण दोघं जाऊ, दारातून हर्णैपर्यंत. ती पिशवीतून लुगडी काढून घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, आता कसली घाई नाही, तुमचं सावकाश चालू दे. मग भिकाजीकडे प्रसाद द्यायला गेली.