एक वाढलं

आबा, विहिरीवरची लोखंडी जाळी मी केली, मोटारीचं वाइंडिंग मी केलं, पिंप्राळ्यातल्या या घराची नळजोडणी माझी आणि तुमच्या नातवाचा सागवानी पाळणाही माझाच. कुठल्या शाळेत शिकलो नाही. डाळ मिलमधल्या जळक्या मोटारी उघडून उघडून शिकलो. तुम्ही मात्र कधी कौतुक केलं नाही. विहिरीवर जास्त ताकदीची मोटार बसवली त्या दिवशी सगळी गल्ली बघायला जमलेली, आणि तुम्ही म्हणालात, "मोटार मोठी केली, येहेर मोठी केली का रे?" मग हात धुऊन जेवायला बसलात. अजून दिसतं, आई तुमच्या ताटात कळण्याची भाकरी वाढते आहे, माझ्याकडे न बघता हसते आहे.

तेव्हा गल्लीतली प्रत्येक बाळंतीण बाराव्या दिवशी आपली विहीर पुजायला यायची. हळदकुंकू वाहून झालं की तुम्ही काठावरून वाकायचात आणि पाण्याला सांगायचात, "एक वाढलं, माय." घरात माणूस वाढलं की चुलीला सांगावं लागत नाही, हिला सांगावं लागतं, म्हणायचात. खालून तुमचाच आवाज परत यायचा, जरा जाड होऊन. आता चहूकडे कॉलन्या झाल्या. माणसं येतात, पोरं होतात, प्रत्येक प्लॉटवर बोअर होते, आणि विहिरीला कोणी काही सांगत नाही. ती आटली. पण जवळपास बोअरची गाडी लागली की तिच्या कपारींतून गार वारा वर येतो, खडकाचं पांढरं पीठ घेऊन. यंत्र तिकडे, धूळ इकडे. प्लॉटांना कुंपणं वरच आहेत आबा, खाली सगळ्यांचं पोट एकच.

परवा तुमची पणती बारा दिवसांची झाली. सून म्हणाली, "बाबा, कोरड्या विहिरीला काय पुजायचं?" तिचंही बरोबर. तरी मी जाळी उचलली, वाकलो आणि म्हणालो, "एक वाढलं, माय." त्या दिवशी कुठेच गाडी चालू नव्हती, मी आधी स्कूटरवरून फिरून खात्री केली होती. आवाज परत आला नाही. बऱ्याच वेळानं तोंडावर वारा आला, एकदाच, कोणी श्वास सोडावा तसा. चेहरा पुसला तर हाताला पांढरं पीठ.

हे पत्र विहिरीत टाकणार होतो. टाकवलं नाही, खिशातच आहे. विहीर बुजवून इमारत बांधायला एक बिल्डर मागे लागला होता. बापाच्या आठवणीसाठी मी नाही म्हणालो, असं लोक समजतात, आणि मी समजू देतो. खरं म्हणजे हे तोंड बुजवलं तर ती श्वास कुठून सोडेल, याची मला भीती वाटली. चाळीस लाख देत होता.