सात सुऱ्यांची गुंडाळी

तुआतापेरे,
रविवार, दुपार

प्रिय एरुदादा,

फोन मुद्दामच केला नाही. ऑपरेशनचा विषय निघाला की तू खाडकन फोन ठेवतोस. पत्र तसं ठेवता येत नाही. शेवटी काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय तुला चैन पडायची नाही, एवढं मी तुला ओळखते. तर आधी बातमी. पैज मी जिंकले. चारही तंगड्या, पाठीच्या दोन्ही पट्ट्या, मान, जीभ, हृदय, सगळं खाली आलं. तू म्हणाला होतास, "हरणाचा नर अख्खा खाली आणलास तर करतो ऑपरेशनच्या फॉर्मवर सही. रानात एक घास जरी सडला तरी करणार नाही." एक घासही सडला नाही. तेव्हा इस्पितळातल्या तुझ्या खोलीत नर्सबाई होत्या, त्यांनी सगळं ऐकलंय, त्यामुळे आता शब्द फिरवायला वाव नाही.

मला तुझा रागच आला होता दादा. अकरा वर्षं तू त्या खोऱ्यातल्या शिकारीच्या परवान्यासाठी सरकारी सोडतीत नाव घालत होतास, आणि नंबर लागला तो नेमका तुझ्या छातीत कळ आली त्या महिन्यात. डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप बदलू, माणूस ठणठणीत होईल. तू म्हणतोस, "झालं तेवढं पुष्कळ झालं." आणि वर तुझ्या जागी मला पाठवतोस, सोबत ती सुऱ्यांची गुंडाळी. कॅनव्हासचे सात खिसे, सात सुऱ्या, आणि सहा खिशांवर तुझ्या अक्षरात चिठ्ठ्या: ही कातड्याला, ही हाडाला, ही मुंडक्याला, ही पोट फोडायला, ही सांध्यांना, ही घडीची, एखादी हरवली तर. मी काय मटणाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं चहा वाटत होते? तुझ्या शेजारीच उभी होते ना, दिवसाला शेकड्यांनी मेंढ्या सोलत? सातव्या खिशाचं शेवटी लिहिते.

खोऱ्यात नेऊन सोडणारी हेलिकॉप्टरवाली फिओना कशी आहे ते तुला माहीतच आहे. एक किलो जास्त भरलं तर ती तुमचा पावसुद्धा उतरवून ठेवते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तुझी गुंडाळी उलगडली, बराच वेळ पाहत बसले आणि त्यातली एकच सुरी उचलली, सांध्यांची, बोटभर पात्याची. दुसरी माझी स्वतःची, पिवळ्या मुठीची, घासून घासून अर्धी झालेली. आणि धारेची सळई. बाकी सगळं घरी. वाचलेल्या वजनात जुन्या चादरी फाडून शिवलेल्या आठ पिशव्या घेतल्या, कारण मांस धारेवाचून नाही, माश्यांमुळे जातं. तुझा माका त्या पिशव्या बघून म्हणतो, "आत्या, शिकारीला चाललीस की कपडे वाळत घालायला?" माकाच्या त्या दोस्ताने, डूगलने, कोपरापर्यंत येईल एवढी सुरी कमरेला लावली होती. म्हणाला, "हिने मी झाड पाडतो." मी म्हटलं, मग लाकडं तूच फोड.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माकाने नर पाडला. तुझ्यासारखाच थांबला रे, श्वास सोडला, मग एकच गोळी. पण नर पडला तो नाल्याच्या पलीकडे, आणि पाऊस सुरू झाला. डूगलने वरून, केसांतूनच कातडं कापायला घेतलं. दहा मिनिटांत त्याची झाडं पाडणारी सुरी लोणीही कापेना. माकाकडे ती नवी सुरी होती, पातं बदलायची, दाढी करायच्या पात्याएवढं पातळ. खांद्याच्या सांध्यात त्याने ती पिरगाळली आणि टोक मोडून आत राहिलं. मी सगळ्यांना हात बाहेर काढायला लावले. एकटीने बोटांच्या टोकांनी चाचपत ते टोक शोधलं. पाऊण तास गेला, आणि तेवढ्यात नाला पहिल्या दगडांवर चढला होता. खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. मांसाचं काही नाही रे, ते दुसरीकडेही मिळेल. तुझी सही नाल्यात चाललेली दिसत होती मला.

मग मी पिवळी मूठ हातात घेतली. कातडं आतून बाहेर उघडत गेले, केसांना पातं लागू दिलं नाही, आणि एकेक सांधा सुरीनेच सोडवत गेले, करवत नाही, कुऱ्हाड नाही. डूगल म्हणाला, "जरा तुझी दे, मी त्या बाजूने लागतो." मी दिली नाही. आपल्या कारखान्यात कुणी दुसऱ्याच्या सुरीला हात लावला होता का कधी? त्याला तुझी बोटभर सुरी दिली. एवढा दांडगा माणूस, जीभ बाहेर काढून गुडघ्याचा सांधा सोडवत बसला होता, आणि छान सोडवला त्याने. दोन-दोन खेपा केल्या तिघांनी. शेवटच्या खेपेला पाणी कमरेला लागत होतं आणि हृदय माझ्या गळ्यात पिशवीत होतं. दोन दिवस सगळं सावलीत, वाऱ्यावर टांगलं. माश्यांनी चादरींवर घिरट्या घातल्या आणि निघून गेल्या. फिओनाच्या काट्यावर एकशे बासष्ट किलो भरलं. माकाने तो आकडा तिच्याकडून कागदावर लिहून घेतला, तुला दाखवायला. मग पिशव्या त्यानेच धुऊन वाळत घातल्या.

आता सातवा खिसा. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती. आत तुझी स्वतःची सुरी होती, रिमूच्या लाकडाची मूठ तू तासलेली, जी तू मला कधी पाव कापायलाही दिली नाहीस. कारखान्यातला आपला सोबती नेपिया गेला तेव्हा त्याची सुरी तू एक दिवस चालवलीस, मग धुऊन त्याच्या बायकोला नेऊन दिलीस. माणूस गेल्यावरच त्याची सुरी सोबत्याच्या हातात येते, आणि तू ती मला जिवंतपणी पाठवलीस. मला कळलं दादा. टेबलाशी बसून मी खूप रडले आणि मग ती तुझ्या खणात ठेवून आले, तेल लावून. मी ती रानात नेली नाही आणि नेणारही नाही. सोबत ऑपरेशनचा फॉर्म आहे, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. मंगळवारी डॉक्टर यायच्या आत कर. पुढच्या शरदात, खोरं कुठलंही मिळो, तुझी सुरी तू स्वतः वर घेऊन जायचीस, आणि पिशव्या मी शिवीन.

पैज जिंकलेली, तुझीच,
वाइमारी