हिरव्या पडद्याचं गाणं

बोहोल, ९ मे

अन्सेल्मोकाकांना पेर्पेतुआचा सादर नमस्कार.

दोन वर्षं पत्र नाही, क्षमा करा. (कामं फार होती असं आधी लिहिलं होतं, खोडलं. आळस होता.) गुडघा कसा आहे? सेबूची हवा मानवते ना?

इथे दुपारी समुद्र इतका स्वस्थ असतो की होड्या हवेत टांगल्यासारख्या वाटतात, आणि कुठल्या तरी रेडिओवर तुमचं ‘हिरवा पडदा’ तरंगत असतं. जत्रेच्या समितीने ठरवलंय, ते गाणं जिथे जन्मलं त्या खिडकीखाली संगमरवरी पाटी बसवायची. खिडकी अर्थात क्रिसांतामावशीची. मजकूर मी लिहायचा (कॉलेजात शिकल्याची शिक्षा), आणि सोमवारी कोरायला द्यायचा.

मी उगाच खोलात गेले. ज्याला गळा नाही त्याने गाणारा मित्र मुलीच्या खिडकीखाली न्यायचा, ही आपली रीत. त्याप्रमाणे प्रोसेसोकाका फुलं धरून उभे राहिले, स्वतः रचलेलं गाणं गायलंत तुम्ही, आणि मावशीशी लग्न त्यांचं झालं. पुढे तबकडी निघाली, देश वेडा झाला. इथवर सगळं गाव जाणतं. पण मावशीच्या खिडकीला पडदा कधी नव्हताच, शिंपल्यांची तावदानं होती! हिरवं काही असलंच तर शेजारच्या सालूदबाईंच्या खिडकीत. म्हणजे पन्नास वर्षं मावशी दुसरीच्या गाण्यावर लाजत आली? मला दोन दिवस जेवण जाईना. (अतिशयोक्ती. एकदा भात कमी घेतला.) शेवटी सालूदबाईंनाच गाठलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. “पडदा कसला गं बये? आईचा परकर वाळत असायचा तो! परकरावर कोण गाणं रचतंय?”

तेव्हा पाटीवर खरं काय लिहू, ते कळवावं.

आपली,
पेर्पेतुआ

ता. क. राहवलं नाही, मावशीला सगळं सांगून टाकलं. ती मासे साफ करत होती. मानही वर केली नाही. “इतकी शिकलीस आणि एवढं कळेना? हिरवं मुद्दाम शेजारचं घेतलं त्यानं. माझी खिडकी गाण्यात घातली असती, तर बाजूलाच उभ्या प्रोसेसोला त्याच्या मनातलं कळलं नसतं का?”

आणखी एक. हे तिनेच लिहायला लावलंय, शब्द तिचेच : “प्रोसेसोला जाऊन सहा वर्षं झाली. जत्रेला ये म्हणावं. आणि या खेपेला कुणाच्या वतीनं गायचं नाही.”

(हे माझंच टिपण.) उद्या : सेबूची बोट धक्क्याला किती वाजता लागते, ते विचारणे.